तुझा पट्टा घसरतोय

सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरातच जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवून तीन आठवडे झाले असतील. खाली अंथरलेली जुनी पांढरी चादर धुवायला काढली, तर मागच्या चाकाला टेकणाऱ्या रोलरच्या बरोबर खाली तळहाताएवढा काळा डाग. साखळीचं तेल असणार म्हणून साबण घेऊन बसले. पण तेल कापडात मुरतं आणि हे तर वरच्यावर होतं. फुंकर मारली तर उडालं. चिमटीत घेऊन चोळलं तर कोरडं, भुरभुरीत, आणि त्यात मधे मधे शाळेत खोडरबर घासल्यावर वहीवर पडायच्या तसल्या बारीक वळ्या. मग मागचा ब्रेक बघितला. काळा. सीटच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं. बोट काळं.

आईला नेऊन दाखवलं. सुई ओवायला ती एक भिंग वापरते. ते घेऊन ती चादरीवर वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे तर तुझं चाक आहे. सांडलंय."

आईनं चाळीस वर्षं पायमशीनवर शिवणकाम केलं. आता तिचे गुडघे साथ देत नाहीत, आणि रात्री तिला एकटीला ठेवून मी तासभर बाहेर जाणं आम्हा दोघींनाही नको वाटतं. माझा दिवस हिशेबाच्या वह्यांत जातो. म्हणजे आता वह्या कुठल्या, स्क्रीनच, पण जमाखर्च तोच. उरते रात्रीची नऊ ते दहा ही वेळ. म्हणून ट्रेनर. आठवड्यातून चार दिवस, आईच्या खोलीच्या दाराशी. ती आत पडून रेडिओ ऐकते आणि मी जागच्या जागी पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन येते. रविवारी भाऊ येतो, तेव्हा खरी सायकल, खऱ्या रस्त्यावर.

टायर झिजतो हे मला काय माहीत नव्हतं? पण रस्त्यावर झिजलेला टायर रस्त्यावरच राहतो, आपण पुढे निघून गेलेलो असतो. घरात तो आपल्याच पायाखाली साठतो. हिशेबनिसाला समोर साठलेली गोष्ट मोजल्याशिवाय झोप येत नाही.

माझा ट्रेनर साध्या जातीचा आहे. मागचं चाक सायकललाच ठेवायचं, त्याचा आस दोन्ही बाजूंनी चिमट्यात पकडायचा, आणि मागून एक लोखंडी रोलर टायरला टेकवायचा. रोलरच्या एका टोकाला जड फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवून धरणारं चाक, दुसऱ्या टोकाला चुंबकांचा अडसर. पॅडल मारलं की टायर रोलरला फिरवतो आणि चुंबक रोलरला अडवतात. म्हणजे माझ्या पायातून निघालेला सगळा जोर शेवटी टायर आणि रोलर जिथं भेटतात त्या नखाएवढ्या जागेतून जातो. रोलर किती दाबायचा ते एका नॉबवर ठरतं. पुस्तिकेत लिहिलं होतं, टेकल्यावर दोन फेरे. मी पाऊण फेरा द्यायचे.

माझा हिशेब सरळ होता. जितकं कमी दाबू तितकं कमी घासेल, टायर जास्त टिकेल. हवाही बेताचीच. रस्त्यावर जरा मऊ टायर बरा वाटतो, मग इथं का नको? काटकसर म्हणून मी किती वेळा दुप्पट खर्च करून बसले आहे त्याची एक वेगळी वही निघेल.

डाग सापडला त्याच आठवड्यातली गोष्ट. छोटे स्प्रिंट चालले होते. वीस सेकंद जीव तोडून, मग दोन मिनिटं हळू. तिसऱ्या वेळेला उठून जोर लावला आणि पॅडल एकदम हलकं झालं, पायरी चुकल्यावर होतं तसं. रोलरची घूं तिथंच अडकली आणि तिच्यावरून एक कर्कश चीं निघाली. पाठोपाठ रबराचा वास.

आतून आईचा आवाज आला. "पट्टा घसरतोय तुझा!"

"याला पट्टा नाही गं आई."

"नसेल. घसरतंय मात्र पट्ट्यासारखंच."

मी उतरून आत गेले. तिनं रेडिओ बारीक केला आणि मला सांगितलं ते असं. मशीनचा चामड्याचा पट्टा नवा असतो तेव्हा घट्ट असतो. मग तो ताणतो. जाड कापड आलं, सहा घड्या एकावर एक आल्या, की खालचं चाक फिरतं आणि वरचं थबकतं. पट्टा मधल्या मधे घासत राहतो. असं महिनाभर चाललं की पट्टा आतून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मशीनखाली भुसा पडतो. मग अर्धा बोट पट्टा कापायचा आणि तार पुन्हा अडकवायची.

"आणि फार आवळला तर?"

"तर मशीन जड. पाय भरून येतात, आणि वरच्या चाकाचा दांडा घासतो. पट्टा काय म्हणतो ते ऐकून आवळायचा."

त्या रात्री मी वही काढली. वॅट म्हणजे जोर गुणिले वेग. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. त्या वेगात मी २०० वॅट देत असेन तर टायर रोलरला २४ न्यूटननं ओढतो. अडीच किलोची पिशवी दोरीनं टांगून धरावी साधारण तेवढा. स्प्रिंटमध्ये घटकाभर ६०० वॅट गेले की तोच आकडा ७२ न्यूटन, सात किलोच्या वर. ती नखाएवढी जागा एवढा ओढा सहन करू शकते की नाही हे रोलर टायरवर किती दाबलाय त्यावर ठरतं. पाऊण फेऱ्यात ती अडीच किलो कशीबशी पेलत होती. सात किलोला तिनं हात टेकले.

वहीत पुढची ओळ लिहिताना मात्र मी थबकले. तेच २०० वॅट ताशी १५ किलोमीटरला दिले तर ओढा ४८ न्यूटन होतो. दुप्पट. मी हलक्या गियरवर, चाक हळू ठेवून जोर लावत होते, कारण आवाज कमी व्हावा आणि आईला रेडिओ ऐकू यावा. टायरच्या बाजूनं बघितलं तर तो छळ होता. ज्यांचे ट्रेनर ठरवून दिलेले वॅट काही केल्या सोडत नाहीत, तुम्ही पाय मंदावले की अडसर आणखी वाढवतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. चाक जितकं हळू तितका तेवढ्याच वॅटला ओढा जास्त.

न घसरता लोळणारा टायर फारसा झिजत नाही. घसरतो तेव्हा खरवडला जातो. चादरीवरच्या त्या वळ्या खरवडलेल्या होत्या. कमी दाबून मी टायर वाचवत नव्हते, किसत होते.

दुसऱ्या दिवशी मी काय करावं? चार फेरे आवळला. हा माझा स्वभावच. चीं बंद झाली. पाय मात्र शिसं भरल्यासारखे. वीस मिनिटांत पुन्हा वास. या वेळी कालच्यासारखा तिखट नव्हता, उन्हात ठेवलेल्या रबरी चपलेसारखा जड होता. उतरून टायरला बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं.

याचं कारण मला समजून घ्यायला जरा वेळ लागला, पण ते फार गोड आहे म्हणून सविस्तर सांगते.

माझा टायर २५ मिलिमीटर रुंदीचा. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर. रोलरला दोरा गुंडाळून मोजला तर परीघ १० सेंटिमीटर निघाला. म्हणजे चाक एकदा फिरतं तेव्हा रोलर एकवीस वेळा फिरतो. ताशी ३० च्या वेगात चाकाचे मिनिटाला २३८ फेरे होतात आणि रोलरचे पाच हजार. घरात एवढ्या वेगानं फिरणारी दुसरी वस्तू शोधायची तर मिक्सरकडे जावं लागेल.

आता टायरच्या एका ठिपक्याच्या जागी स्वतःला ठेवा. मिनिटाला २३८ वेळा, तासाला चौदा हजारांवर वेळा तुम्ही रोलरखाली चेपले जाता आणि परत फुगता. रस्त्यावरही दर फेऱ्याला चेपणं आहेच, पण रस्ता सपाट असतो, टायर त्यावर पसरून बसतो. रोलर गोल आणि बारीक. तो टायरच्या पोटात बोट खुपसल्यासारखा रुततो. रबर चेपलं गेलं की आपण घातलेली सगळी ताकद ते परत देत नाही. रबरी चेंडू हातातून सोडा, तो हातापर्यंत कधीच परत येत नाही, थोडा कमीच उडतो. तो जो 'थोडा कमी' असतो त्याची उष्णता होते. चौदा हजार वेळा थोडं थोडं. आणि रस्त्यावर वारा असतो, रस्ता स्वतः उष्णता ओढून घेतो. इथं वारा नाही, आणि रोलर टायरहून गार नाही. त्यात हे सगळं सोसायचं ते टायरच्या मधल्या बोटभर पट्टीनं. कडेच्या रबराला आयुष्यात रोलरचा स्पर्श होत नाही. पुढचा टायर तर आरामात ठोकळ्यावर बसून असतो.

तापलेलं रबर मऊ होतं, मऊ रबर लवकर सुटतं. म्हणजे सैल ठेवला तर खरवडून जातो, आवळला तर शिजून जातो. मधे कुठंतरी जागा आहे आणि ती जागा, आई म्हणाली तशी, ऐकून शोधावी लागते.

माझी रीत आता अशी आहे. आधी हवा. नॉबला हात लावण्याआधी पंप, कारण मऊ टायरवर दोन फेरे आणि कडक टायरवर दोन फेरे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या टायरला १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). प्रत्येकानं आपल्या टायरच्या बाजूवर कमाल किती लिहिलंय आणि रिमला किती चालतं ते वाचून, त्यातल्या लहान आकड्याच्या आत राहावं. साधी ब्युटिल रबराची ट्यूबसुद्धा आठवड्यात थोडी उतरते. लेटेक्सची असेल तर रात्रीतून उतरते, रोज भरल्याशिवाय गत्यंतर नाही. मग रोलर टेकवायचा, दोन फेरे, आणि चाक थांबलेलं असताना एका हातानं फ्लायव्हील घट्ट धरून दुसऱ्या हातानं चाक फिरवायचा प्रयत्न करायचा. सहज सरकलं तर अजून पाव फेरा. मग बसून एकदा उठून जोर लावायचा आणि चीं येते का ऐकायचं. आली तर आणखी पाव. नाही आली तर हात आवरायचा. माझं दोन आणि पावाला जमतं.

हवेबद्दल एक राहिलं. टायर तापतो तशी आतली हवा तापते. हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली तर १०० पीएसआयचे १०७-१०८ होतात. आकडा लहान वाटतो, पण टायर कडक होतो, रोलर कमी रुततो, आणि तेवढ्याच मेहनतीला ट्रेनर वेगळे वॅट दाखवायला लागतो. मी कित्येक दिवस खूश होते की दहा मिनिटांनी माझ्यात जोम येतो. जोम टायरमध्ये येत होता. म्हणून ट्रेनरचं कॅलिब्रेशन, म्हणजे वेग वाढवून पाय सोडायचे आणि रोलर थांबायला किती वेळ घेतो ते त्याला मोजू द्यायचं, हे बसल्याबरोबर करायचं नसतं. दहा मिनिटं चालवून, टायर तापल्यावर करायचं.

हे सगळं कळेपर्यंत पहिला टायर हातचा गेला होता. तो शर्यतीच्या जातीचा, पातळ, मऊ रबराचा, ओल्या वळणावर धरून ठेवणारा. असा टायर ट्रेनरवर लावणं म्हणजे रेशमी साडी नेसून भांडी घासायला बसणं. त्याचा मधला भाग हळूहळू सपाट झाला. सायकलच्या टायरचा काप गोल असतो. याचा कौलासारखा झाला, वर सपाटी आणि दोन्ही बाजूंना धार. रविवारी वळताना ती धार कळायची. सायकल सरळ, सरळ, आणि मग एकदम झुकायची. त्यात मी एक आठवडा तापानं पडून होते, आणि रोलर टायरवर तसाच दाबलेला राहिला. बरी होऊन बसले तर चाकातून ठक, ठक, ठक. एका जागी खळगा पडला होता. तो बराचसा भरून आला, पण त्या जागेला रबर नेहमीच जरा आधी झिजत राहिलं. आता उतरले की पहिलं काम रोलर मागे घेणं, मग पाणी पिणं.

कॉन्टिनेंटल कंपनीच्या रस्त्यावरच्या बऱ्याच टायरांना मधल्या रबरावर दोन बारीक खळगे असतात, ते दिसेनासे झाले की टायर संपला. माझ्याला तसं काही नव्हतं. मला कळलं ते एका रात्री चादरीवर काळ्याऐवजी फिकट तंतू दिसले तेव्हा. आईनं भिंग लावलं. "कापड लागलं," म्हणाली. टायरच्या आत रबराखाली कापडाचा थर असतो, तो उघडा पडला होता. शिवणारीला धागा ओळखायला किती वेळ लागतो?

मी तो काढून डिजिटल काट्यावर ठेवला. घेतला तेव्हा पुठ्ठ्यावर २२० ग्रॅम छापलं होतं. काटा म्हणाला २०४. छापील वजनात दोन-चार ग्रॅम इकडचे तिकडे असतात हे धरलं, तरी मधली दहा मिलिमीटर रुंदीची पट्टी एक मिलिमीटरनं झिजली तर किती ग्रॅम जातील याचं गणित मी मांडलं होतं, ते बावीस-तेवीस येतं. सोळा म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा रबरासाठी एवढी चादर काळी.

यानंतरचं शहाणपण सगळेच सांगतात, तेच मी केलं. ट्रेनरला जुना टायर लावावा. अडगळीत एक होता, रस्त्यावर पुरता वापरलेला. सल्ला वाईट नाही. रस्त्यावर भरवसा ठेवता येत नाही असा टायर घरात महिनोन् महिने चालू शकतो. पण 'जुना' आणि 'फाटका' यांत फरक आहे, तो मी पाहिला नाही. कधीतरी काच लागून त्याच्यावर एक चीर पडली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. रस्त्यावर ती निमूट होती. इथं १०० पीएसआय, त्यात उष्णता, आणि दर फेऱ्याला रोलर त्या चिरेवरून. चौथ्या रात्री, पस्तिसाव्या मिनिटाला, धाड.

बंद खोलीत ट्यूब फुटते तो आवाज मी शब्दांत मांडू शकत नाही. कानात शिट्टी वाजत राहिली. आतला रेडिओही कोणी बंद केला कळेना.

"काय फुटलं?" आई ओरडली.

"टायर!"

क्षणभर काही नाही. मग, "तू आहेस ना?"

"आहे."

"मग असू दे."

तेव्हापासून नियम असा की अडगळीतला टायर ट्रेनरवर यायचा तर आधी आईच्या हाताखालून जाणार. मी तो धुऊन देते. ती मांडीवर घेऊन बोटभर बोटभर पुढे सरकवत तपासते, जुन्या जाड सुईनं रुतलेले खडे, काचेचे कण उकरून वाटीत टाकते. हे कण निघाले नाहीत तर ते रोलरवर ओरखडे पाडतात आणि मग खरखरीत झालेला रोलर पुढच्या प्रत्येक टायरला किसणीसारखा खातो. कापडापर्यंत गेलेली चीर दिसली की ती टायर बाजूला ठेवते. "हा नाही." अपील नाही.

भाच्याची डोंगरी सायकल मी एकदाच चढवू दिली. "आत्या, फक्त दहा मिनिटं," म्हणाला. गोट्या गोट्यांचा तो टायर रोलरवर चढला आणि हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज. दहा मिनिटांत गोट्यांच्या कडा गोल झालेल्या डोळ्यांना दिसत होत्या. खोबणीचा टायर मातीत पकड घ्यायला असतो. लोखंडावर त्याला पकडायला काही नसतं, तो नुसता आपटत राहतो.

मग शेवटी ट्रेनरसाठीचाच टायर आणला. कॉन्टिनेंटल, श्वालबे, टॅक्स, व्हिटोरिया, बऱ्याच कंपन्यांनी असे काढलेत. रबर कडक, उष्णता सोसणारं, वर नक्षी नाही, गुळगुळीत. माझा निळा आहे, असा निळा की दुरून खेळण्यातला वाटावा. चढवताना अंगठे सोलवटले. रंग एवढा भडक कशाला, असं मी तेव्हा पुटपुटले होते. बाजूवर ठळक छापलंय की रस्त्यावर वापरू नये, आणि मी छापलेलं वाचणारी बाई आहे. तरी एका रविवारी टायर बदलायचा कंटाळा केला. जवळच तर जायचंय. रात्री पाऊस पडून गेलेला. पहिल्याच वळणावर मागचं चाक शांतपणे, काहीही न बोलता, बाजूला निघून गेलं. पडले नाही, एक पाय टेकवून वाचले. उष्णतेला दाद न देणारं ते कडक रबर ओल्या रस्त्यालाही दाद देत नाही. घरी आल्यावर मला त्या रंगाचा उपयोग पटला. निळा दिसला की दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

दर रविवारी टायर काढ-घाल करून माझ्या बोटांची वाट लागायची, म्हणून आता एक जुनं जादा चाकच ठेवलंय, निळा टायर कायमचा चढवून. त्यावरची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांची चळत, मूळ चाकावर जितक्या चकत्या तितक्याच चकत्यांची हवी, नाहीतर साखळी आणि गियर यांचं पटत नाही. माझ्या जुन्या चाकाची रिम जरा रुंद आहे, ब्रेकला घासते, म्हणून ट्रेनरवर असताना मागचा ब्रेक मोकळा सोडते. तिथं थांबायचं कुणाला असतं? रविवारी चाक बदलल्यावर तो परत लावायला विसरू नये म्हणून मोकळा करतानाच हँडलला आईच्या डब्यातला लाल दोरा बांधते. दोरा सुटल्याशिवाय सायकल दाराबाहेर जात नाही.

थेट जोडणीचे ट्रेनरही असतात, मला ठाऊक आहे. मागचं चाक काढायचं, साखळी सरळ ट्रेनरच्याच कॅसेटवर घालायची. टायरच नाही, तर झीज कसली. तीन मोठ्या लाटण्यांवर सायकल मोकळी चालवायचे रोलरही असतात. त्यांची लाटणी माझ्या रोलरच्या दुप्पट-तिप्पट जाड, टायर त्यावर कमी रुततो, कमी तापतो. पण त्यावर तोल सांभाळावा लागतो आणि मला चालवता चालवता आईशी बोलायचं असतं. थेट जोडणीचा कधीतरी घेईन. ट्रेनर चालतोय तोवर मन होत नाही.

कधी कधी चालवताना वाटतं, डनलॉपनं १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते पोराच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून केलेल्या खटपटीतून. ज्या खड्ड्यासाठी हा हवेचा टायर जन्मला तो खड्डा माझ्या खोलीत नाहीच. बिचारा चौदा हजार वेळा चेपला जातो, तेही पोहोचायचं कुठं नसताना.

चादर आता काढून टाकली आहे. तिच्या जागी रोलरखाली कोऱ्या कागदाचा ताव ठेवते. महिन्याच्या शेवटच्या रात्री रोलर अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसते, टायरही पुसते, कारण त्यावर कुठून कुठून तेलाचा अंश येतो आणि मग पुन्हा घसरण. कागद अलगद उचलून आईकडे नेते. ती दिव्याखाली धरते. पहिल्या टायरच्या वेळचा ताव तिनं जपून ठेवलाय, त्याच्याशी ताडून बघते. तो काजळी धरल्यासारखा आहे. नंतरचे फिके होत गेलेत, आणि निळा टायर लावल्यापासून त्यावर पाटीवरच्या पुसट लेखणीसारखी करडी-निळी भुकटी असते, फुंकरीसरशी जाणारी. वळ्या नाहीत.

काल महिना संपला. आईनं ताव घेतला, भिंग फिरवलं, एका कोपऱ्यात थांबली.

"एक वळी आहे."

मी वाकून बघितलं. होती. नखाच्या टोकाएवढी.

"मंगळवारी स्प्रिंट केलेस ना?"

"केले. पण चीं आली नव्हती."

"तुला आली नसेल," आई म्हणाली आणि रेडिओकडे हात नेला. "पाव फेरा आवळ."